लाइन धुतली, क्लोरीन वाढवला, तरी त्याच भागात पुन्हा घाण पाणी: उलट्या प्रवाहाचा शोध आणि बंदोबस्त

पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ किंवा वास मारणारं पाणी, मग स्वच्छ. तक्रार आली की लाइन धुतली जाते, क्लोरीनचा डोस वाढतो, नमुना पास होतो आणि तक्रार बंद होते. पंधरा दिवसांनी तोच भाग, तीच तक्रार. हे दोनदा घडलं की शुद्धीकरण केंद्राकडे बोट दाखवणं थांबवावं. गडबड केंद्रात असती तर त्या टाकीवरच्या सगळ्या भागांत दिसली असती. ठरावीक तुकड्यात, ठरावीक वेळेला येणारी घाण म्हणजे बाहेरचं पाणी जलवाहिनीत उलटं शिरतंय आणि त्याची वाट अजून उघडी आहे.

उलट्या प्रवाहाला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: पिण्याचं पाणी आणि दूषित पाणी यांना जोडणारी वाट, आणि उलट्या दिशेचा दाब. धुलाई आणि क्लोरीन यांपैकी कशालाच हात लावत नाहीत. जास्तीचा क्लोरीन टाकून घाण मारू, हा हिशेबही जुळत नाही. कच्च्या सांडपाण्यात अमोनिया साधारण २० ते ४० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. शंभर लिटर पाण्यात एक लिटर सांडपाणी मिसळलं तर मिश्रणात अमोनिया ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम येतो, आणि तो संपवून मुक्त, म्हणजे कशालाही बांधला न गेलेला क्लोरीन उरवायला त्याच्या आठ ते दहा पट, म्हणजे २ ते ४ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. सेंद्रिय घाण वेगळीच. नळापर्यंत येणारा क्लोरीन ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. तो जागच्या जागी खर्च होतो.

दाब उलटतो कसा

एक प्रकार ओढीचा. लाइन फुटली, अग्निशमनासाठी एकदम पाणी उपसलं, पुरवठा बंद करून सखल भागातले नळ उघडे राहिले, किंवा कुणी पंप थेट नळजोडणीवर लावला, की लाइनमधला दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो. मग जिथे तोंड पाण्यात बुडालेलं असेल तिथून लाइन पाणी ओढते. वातावरणाचा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर नेणारा पाइप वाटेत आहे म्हणून ओढ लागणार नाही, असं समजू नये.

दुसरा प्रकार ढकलण्याचा. ग्राहकाकडचा दाब पुरवठ्यापेक्षा जास्त झाला की पाणी मागे येतं. बूस्टर पंप, बॉयलर किंवा नुसती उंच टाकी एवढंही पुरतं. गच्चीवरच्या टाकीतली पातळी रस्त्यापासून २० मीटर वर असेल तर ती खाली दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो दाब देते. रस्त्यातल्या लाइनला एकच किलो दाब असेल, तर वाट मोकळी मिळताच कोण कुणाला ढकलणार हे उघड आहे.

तिसरं कारण यंत्रणेच्या घरचंच: पाणघात. लोखंडी लाइनमध्ये १ मीटर प्रति सेकंद वेगाचं पाणी एकदम अडवलं तर दाबात सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतकी उसळी येते आणि तेवढीच घसरणही येऊ शकते. प्लास्टिकच्या पाइपात ती बरीच कमी असते, पण लाइनचा मूळ दाबच १५ मीटर असेल तर शून्याखाली जायला तेवढी पुरते. वीज गेली, पंप झटक्यात थांबला, की काही सेकंदांसाठी लाइनच्या उंच जागा ओढायला लागतात. साध्या गेजवर हे कुणाला दिसतही नाही.

पहिलं काम: नमुना योग्य वेळी घ्या

तक्रार वारंवार येते पण नमुना पास होतो, याचं सर्वांत नेहमीचं कारण नमुना घेण्याची पद्धत आहे. नियमाप्रमाणे नळ दोन-तीन मिनिटं वाहू देऊन बाटली भरतात. मुख्य लाइनमधल्या पाण्याचा दर्जा तपासायला ते बरोबर आहे. इथे मात्र जे पकडायचं तेच आधी गटारात सोडून दिलं जातं. म्हणून दोन बाटल्या भरा: एक पाणी सुटल्याबरोबर, दुसरी वाहू दिल्यावर. दोन्ही निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेल्या हव्यात, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतला क्लोरीन जंतू मारत राहतो.

त्याच वेळी त्या भागात तीन-चार ठिकाणी ०, २, ५, १० आणि २० मिनिटांना गढूळपणा, विद्युतवाहकता आणि क्लोरीन मोजा. क्लोरीन मोजताना मुक्त आणि एकूण असे दोन्ही आकडे घ्यायचे: डीपीडी क्रमांक १ ची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, त्याच कुपीत क्रमांक ३ टाकली की एकूण कळतो. जिथे शुद्धीकरणात मुक्त क्लोरीन वापरतात, तिथे मुक्त शून्य आणि एकूण ०.३ असा आकडा आला तर पाण्यात अमोनिया शिरलाय हे जवळपास नक्की. ऑर्थोटोलिडिन या क्लोरीन तपासण्याच्या द्रवाच्या पिवळ्या रंगावर इथे भिस्त ठेवू नका. तो अमोनियाला बांधला गेलेला क्लोरीनही रंगवतो आणि ‘क्लोरीन आहे’ असं वाटून तपास थांबतो.

आकडे वाचायला सोपे असतात. एकाच घरात पहिली दोन मिनिटं खराब आणि शेजारी स्वच्छ, तर दोष त्या जोडणीत किंवा घराच्या आतल्या पाइपात. एका बिंदूनंतरची सगळी घरं खराब, तर मुख्य लाइनवर त्या बिंदूच्या आसपास. पाणी सुटून अर्धा तास झाल्यावर मध्येच खराब येतं, तर कुणाचा तरी पंप त्या वेळी चालू होतोय. विहीर किंवा बोअरच्या पाण्याचा संशय असेल तर वाहकता प्रमाणही सांगते. पुरवठ्याचं पाणी २५० मायक्रोसीमेन्स, बोअरचं १२०० आणि नळाला ४४० आलं, तर (४४० − २५०) ÷ (१२०० − २५०) म्हणजे २० टक्के बोअरचं पाणी आहे. आत नेमकं काय घडतंय हे सांगायला कुणी तयार नसतं. हा आकडा दाखवला की बोलणं सोपं होतं.

दाब नोंदवा

साधा गेज शून्याखाली काहीच दाखवत नाही, म्हणून ऋण दाबही दाखवणारा कंपाउंड गेज किंवा लॉगर, म्हणजे दाबाच्या नोंदी आपोआप ठेवणारं यंत्र, वापरा. लॉगर दर पंधरा मिनिटांनी नोंद घेत असेल तर पाणघात सापडणार नाही. दर सेकंदाला किमान एक नोंद हवी. जागा दोन: भागातलं सर्वांत उंच ठिकाण आणि लाइनचं शेवटचं टोक. पंप थांबण्याची वेळ, व्हॉल्व्ह बंद करण्याची वेळ आणि त्यानंतरचा अर्धा तास यांकडे खास लक्ष द्यायचं. खंडित पुरवठ्यात नुकसान बहुतेक वेळा पाणी गेल्यानंतर होतं. सखल घरं लाइन रिकामी करत असतात आणि वरच्या अंगाची लाइन हवा, नाहीतर जे सापडेल ते ओढत असते.

लॉगर नसेल तर पुरवठा बंद झाल्याबरोबर उंच भागातल्या एका नळाची तोटी उघडा आणि तिचं टोक क्लोरीनयुक्त स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवा. ग्लासातली पातळी खाली जात असेल तर लाइन ओढतेय. त्याच क्षणी त्याच लाइनवरच्या बादलीत बुडालेल्या नळ्या आणि तुंबलेले चेंबर काय करत असतील, हे वेगळं सांगायला नको.

वाटा कुठे असतात

शोध ग्राहकांपासून नव्हे, यंत्रणेच्या स्वतःच्या चेंबरपासून सुरू करा. एअर व्हॉल्व्हचं कामच दाब पडला की हवा आत घेणं हे आहे. चेंबर गटाराच्या पाण्याने भरलेलं असेल तर तो हवेऐवजी तेच पाणी आत घेतो. झाकण उघडा, आत पाणी असेल तर उपसा, आणि किती वेळात पुन्हा भरतं ते बघा. चेंबरचा तळ निचऱ्याचा करा, नाहीतर व्हॉल्व्हचं तोंड पाइप लावून जमिनीच्या वर, पुराच्या पातळीच्याही वर न्या आणि टोकाला खाली वळवून जाळी बसवा. स्कोअर व्हॉल्व्हचं म्हणजे लाइन खाली करणाऱ्या व्हॉल्व्हचं टोक नाल्यात बुडालेलं असेल आणि त्याची बैठक झिजली असेल, तर तीही सरळ वाट आहे. टोक पाण्याच्या वर मोकळं सुटलं पाहिजे. अग्निशमनाचे खड्डे, गटारातून गेलेल्या नळजोडण्या, मुख्य लाइनवर नळजोडणी जिथे बसते ते गंजलेले फेरूलचे सांधे हे सगळं याच फेरीत बघून घ्या.

बुडालेला खड्डा काय करू शकतो याचं जुनं उदाहरण १९६९ मधलं, अमेरिकेतल्या वूस्टर शहराच्या होली क्रॉस कॉलेजचं. मैदानाला पाणी देणाऱ्या नळाचा खड्डा दूषित पाण्यात होता. जवळ आग लागली, बंबांनी पाणी ओढलं, दाब पडला आणि खड्ड्यातलं पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या लाइनमध्ये गेलं. फुटबॉल संघाशी संबंधित ९७ पैकी ९० जणांना हिपॅटायटिसची लागण झाली. केंद्रातून सुटलेल्या पाण्यात दोष नव्हता.

मग जमिनीखालच्या टाक्या. बॉलकॉक टाकीच्या वरच्या कडेला दिसतो म्हणून तपासणारा समाधानाने झाकण लावतो. टॉर्च मारून खाली बघा. पाणी पडण्याचा आवाज नको म्हणून बॉलकॉकच्या तोंडाला पाइपचा तुकडा जोडून तो तळापर्यंत सोडलेला असतो. एवढ्या एका तुकड्याने तोंड आणि पाणी यांच्यामधलं हवेचं अंतर शून्य होतं आणि अख्खी टाकी लाइनला लटकते. तो कापून टाका. पुरवठ्याचं तोंड ओव्हरफ्लोच्या वेळी पाणी जिथवर चढेल त्या पातळीच्या वर, तोंडाच्या आतल्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतकं उंच हवं. अगदी भिंतीलगत असेल तर तिप्पट धरा. अंतर ओव्हरफ्लो पाइपच्या तळापासून मोजलं की फसगत होते. बॉलकॉक अडकून पूर्ण धारेने पाणी येतं तेव्हा ओव्हरफ्लो तुंबून पातळी वर चढते, म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप पुरवठ्याच्या पाइपपेक्षा मोठा आणि मोकळा हवा, आणि त्याचं बाहेरचं टोक गटारात घुसवलेलं नको. झाकण जमिनीच्या पातळीत असेल तर पावसात टाकीच दूषित होते. काठ किमान १५ सेंटीमीटर उचलून घ्या.

थेट नळजोडणीवरचा पंप हा सर्वांत वादाचा आणि सर्वांत सहज पटवता येणारा मुद्दा. पंप चालू असताना शेजारच्या घरात कंपाउंड गेज लावा. सुई शून्याच्या डावीकडे गेली की वाद संपतो. उपाय एकच: पाणी आधी हवेचं अंतर ठेवलेल्या टाकीत पडू द्यायचं आणि पंपाने टाकीतून उचलायचं.

बोअर आणि पुरवठ्याची लाइन मधल्या व्हॉल्व्हने जोडलेली असणं फार सर्रास आढळतं. ‘तो बंदच असतो’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. व्हॉल्व्ह म्हणजे तुटकपणा नव्हे. फिनलंडमधल्या नोकिया शहरात नोव्हेंबर २००७ मध्ये सांडपाणी केंद्रातला, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन जोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला. सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी शहराच्या पाण्यात गेलं आणि हजारो लोक आजारी पडले. इमारतीतली जोडणी शोधायला मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, त्याच्या पुढचा पुरवठ्याच्या बाजूचा सर्वांत खालचा नळ उघडून पाइप रिकामा होऊ द्या, मग बोअरचा पंप चालू करा. त्या नळाला पाणी आलं तर जोड आहे. जोड कापून दोन्ही टोकं बूच मारून बंद करायची. दोन्ही पाणी एकाच टाकीत हवं असेल तर प्रत्येकाचं तोंड वेगळं आणि हवेचं अंतर राखून. पण मग त्या टाकीतलं पाणी पिण्याचं मानू नये.

बाकीच्या वाटा लहान आहेत, पण संख्येने भरपूर: बादलीत किंवा गाडी धुण्याच्या ड्रममध्ये सोडलेली रबरी नळी, शौचालयातला हाताचा जेट, रसायन फवारणीचं यंत्र भरणारी नळी, टँकरच्या तोंडातून आत बुडवलेला होज, मलवाहिनी साफ करणारी गाडी हायड्रंटवर भरणं, फिल्टरचा नको असलेल्या पाण्याचा पाइप थेट गटाराच्या पाइपात घट्ट बसवणं. जेट वापरल्यावर त्यामागचा अँगल कॉक बंद करायचा. लिव्हर सोडलं एवढं पुरत नाही. टँकर भरण्याच्या ठिकाणी वरून सुटणारा स्थिर पाइप उभारा, म्हणजे होज बुडवायचा प्रश्नच उरत नाही.

कोणतं उपकरण, कुठे

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, म्हणजेच चेक व्हॉल्व्ह) बसवला की काम झालं, ही समजूत या समस्येइतकीच चिवट आहे. झडपेखाली वाळूचा एक कण किंवा क्षाराची एक खपली अडकली की तो गळतो, आणि गळतोय हे बाहेरून तपासायची सोयच त्यात नसते. सोय म्हणून लावा, संरक्षण म्हणून मोजू नका.

सांडपाणी, रसायनं, रुग्णालयातली उपकरणं, बॉयलर अशा जिवाला धोका असलेल्या ठिकाणी दोनच पर्याय: हवेचं अंतर, किंवा दोन चेक व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामध्ये निचऱ्याचं तोंड असलेला कमी दाबाचा कप्पा असं उपकरण, ज्याला सगळे आरपी म्हणतात. युरोपचं ईएन १७१७ मानक पाण्याच्या धोक्याचे पाच वर्ग करतं आणि मलमूत्रासारख्या पाचव्या वर्गाला मुळात हवेचंच अंतर मागतं. कमी धोक्यासाठी, उदाहरणार्थ रसायन न मिसळलेल्या अग्निशमन लाइनला, दुहेरी चेक व्हॉल्व्ह चालतो. बागेच्या लाइनला दाबाचा व्हॅक्यूम ब्रेकर (ओढ लागली की हवा आत घेणारा), पण सर्वांत उंच तोंडापेक्षा ३० सेंटीमीटर वर. साधा वातावरणीय ब्रेकर १५ सेंटीमीटर वर, त्याच्या पुढे एकही बंद करणारा व्हॉल्व्ह नको आणि सलग बारा तासांपेक्षा जास्त दाबाखाली नको. तसा ठेवला तर आतली चकती बैठकीला चिकटते. हे दोन्ही ब्रेकर फक्त ओढ थांबवतात, ढकललेलं पाणी थांबवत नाहीत.

आरपी खड्ड्यात बसवू नये. त्याचं निचऱ्याचं तोंड पाण्यात बुडालं तर उपकरणच दूषित पाण्याची वाट होतं. जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर, खाली मोकळा निचरा, आधी गाळणी, आणि जोडण्यापूर्वी लाइन धुऊन घेतलेली. तो दाबही खातो, ढोबळमानाने ०.७ ते १ बार, म्हणजे ७ ते १० मीटर. रस्त्यात ८-१० मीटरच दाब येत असेल तर त्याच्यापुढे पाणीच पोहोचणार नाही. तिथे टाकी आणि हवेचं अंतर याला पर्याय नाही. बंद व्यवस्थेत गरम पाण्याचा गीझर असेल तर प्रसरणाची टाकी बसवा, कारण आधी फुगलेलं पाणी लाइनमध्ये मागे जायचं, आता त्याला जागा उरत नाही.

आरपीमधून पाणी गळतंय अशी तक्रार हमखास येते आणि कुणीतरी ते तोंड बूच मारून बंद करतं. असं कधीही करू नये. पुरवठा गेल्यावर मधल्या कप्प्यातलं पाणी बाहेर पडणं हे त्याचं कामच आहे. सतत गळत असेल तर पुढचा, म्हणजे दुसरा बंद-व्हॉल्व्ह फिरवा. गळती थांबली तर दुसरा चेक मागून ढकलणारं पाणी सोडतोय. थांबली नाही तर चार क्रमांकाचा टेस्ट कॉक (चाचणीची तोटी) उघडून थोडा प्रवाह चालू करा. आता थांबली तर पहिल्या चेकखाली कचरा आहे. तरीही चालूच असेल तर निचऱ्याच्या व्हॉल्व्हची बैठक किंवा दाब कळवणारी बारीक नळी तुंबलीय. वर्षातून एकदा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर चाचणी घ्या. निचऱ्याचा व्हॉल्व्ह दाबातला फरक ०.१४ बारखाली जायच्या आत उघडला पाहिजे, आणि दुहेरी चेकमधल्या प्रत्येक चेकने किमान ०.०७ बार धरला पाहिजे.

वाट बंद केल्यावरची सफाई

क्रम महत्त्वाचा: आधी वाट बंद, मग धुलाई, मग क्लोरीन. दूषित भागातल्या लोकांना काम संपेपर्यंत हे पाणी पिऊ नका असं स्पष्ट सांगा; रसायन शिरलं असण्याची शंका असेल तर ‘उकळून प्या’ ही सूचना चुकीची, कारण उकळल्याने ते जात नाही.

धुलाईचा वेग किमान ०.९ मीटर प्रति सेकंद हवा. १०० मिलिमीटरच्या लाइनला त्यासाठी मिनिटाला सुमारे ४२५ लिटर, १५० मिलिमीटरच्या लाइनला सुमारे ९५० लिटर सोडावे लागतात. एखादा घरचा नळ उघडा ठेवून हे होत नाही. त्यानंतर २५ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन २४ तास धरून ठेवा. शेवटी किमान १० मिलिग्रॅम उरला पाहिजे. १०० मिलिमीटरच्या १०० मीटर लाइनमध्ये ७८५ लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळपास २० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर ६५ ग्रॅम. घरातल्या टाक्या रिकाम्या करून घासून घ्या आणि ५० मिलिग्रॅमने २४ तास भरून ठेवा. दर हजार लिटरला तीच पावडर सुमारे १६५ ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून निवळू द्यायची आणि वरचं स्वच्छ पाणीच वापरायचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर असेल तर ताकद मोजल्याशिवाय हे आकडे लावू नका. जोरकस क्लोरीनचं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडण्याआधी थायोसल्फेटने निष्प्रभ करा, मासे मरतात.

दाबाची बाजू विसरली की सगळी मेहनत वाया. लाइनमध्ये कोणत्याही वेळी १४ मीटरपेक्षा कमी दाब राहू नये हा चांगला निकष आहे. चोवीस तास पुरवठा नसेल तिथे निदान व्हॉल्व्ह सावकाश, शेवटच्या काही फेऱ्या तर अगदी हळू बंद करा, आणि पंपाला वीज गेल्यावर येणारा धक्का झेलण्यासाठी एअर व्हेसल, म्हणजे दाबाखाली हवा असलेली टाकी, बसवा.

तक्रार बंद करण्यापूर्वी किमान तीन पुरवठ्यांना ‘पाणी सुटल्याबरोबर’चा नमुना पास झाला पाहिजे, आणि लाइनच्या दोन्ही टोकांच्या मुक्त क्लोरीनमधला फरक ०.२ मिलिग्रॅमच्या आत आला पाहिजे. कोरड्या दिवसांत सगळं ठीक आणि मोठ्या पावसानंतर तक्रार पुन्हा आली, तर घरोघर फिरण्याआधी एअर व्हॉल्व्हच्या चेंबरची झाकणं परत उघडा.